भासमान खोली

आमच्या कंपाउंडमधल्या स्विमिंग पूलला एका टोकाला ९० सेंटिमीटर पाणी आहे आणि पुढे तळ उतरत जातो. दोहात राहणाऱ्यांना हे चित्र नवीन नाही. शुक्रवारची सकाळ, काठावर टॉवेल, मुलांचा आरडाओरडा, आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले बाप. गेल्या मार्चमध्ये त्या बापांत मीही होतो. एका क्लायंटचं सर्व्हर मायग्रेशन आदल्या रात्री अर्धवट राहिलं होतं आणि मी मेसेजला उत्तर देत होतो. आमची कन्या, वय वर्षे सहा, उंची १ मीटर १२ सेंटिमीटर, हातातले फ्लोट काढून ठेवून काठाकाठाने पुढे गेली, पाण्यात डोकावून बघितलं आणि सरळ उतरली. तिथे पाणी दीड मीटर होतं.

केरळी लाईफगार्डने तिला तीन-चार सेकंदांत वर काढलं. मी खुर्चीतून उठेपर्यंत ती काठावर बसून खोकत होती. तिला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. घरी आल्यावर बायकोने मला काय ऐकवलं ते मात्र सांगत नाही. रात्री झोपताना मुलगी इतकंच म्हणाली, "बाबा, मला तळ दिसत होता ना. माझ्या छातीपर्यंतच होतं पाणी."

हे मला लागलं, कारण ती खोटं बोलत नव्हती. ती जिथून बघत होती तिथून तसंच दिसतं.

त्या वेळी माझे वडील, म्हणजे आबा, तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. सातारा जिल्ह्यातल्या हायस्कुलात त्यांनी बत्तीस वर्षं गणित आणि शास्त्र शिकवलं. त्यांनी कोणालाच रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्टीलची वाटी घेतली, तिच्यात पन्नास दिरहमचं नाणं टाकलं आणि नातीला म्हणाले, "आता हळूहळू मागे सर, नाणं दिसेनासं झालं की थांब." ती थांबली. आबांनी तांब्यातून वाटीत बेताने पाणी ओतलं. नाणं जागचं न हलता तिला पुन्हा दिसू लागलं. तिने चार वेळा हा खेळ करायला लावला, आणि खरं सांगायचं तर पाचव्यांदा मी.

आबा याला वक्रीभवन म्हणतात, मी अपवर्तन म्हणतो. नाव काहीही द्या, पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतो. आपला डोळा मात्र तो सरळच आला असं धरून चालतो. त्यामुळे नाणं जिथे आहे त्याच्या वर कुठेतरी आहे असं भासतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे जवळजवळ चार भागिले तीन. अगदी वरून सरळ खाली पाहिलं तर खऱ्या खोलीच्या पाऊण हिस्सा खोली दिसते. दीड मीटर पाणी मग सव्वा मीटरलाही पोचत नाही, १ मीटर १३ सेंटिमीटरच्या आसपास राहतं. आणि तिरकं पाहिलं तर आणखी कमी. पंचेचाळीस अंशांतून बघितल्यास साधारण ९४ सेंटिमीटर. माझ्या मुलीची छाती बरोबर तिथेच येते.

बारावीला आणि इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्ही हाच प्रयोग ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने केला होता. कागदावरच्या खुणेवर फोकस, मग वर काचेची चीप ठेवून पुन्हा फोकस, मग चिपेवर लायकोपोडियमची पूड टाकून तिसरं रीडिंग. उत्तर १.५ यायला हवं हे सगळ्यांना माहीत असायचं, त्यामुळे ते सगळ्यांचं यायचं. जर्नलवर सही मिळाली की विषय संपला. या गणिताचा आणि माझ्या मुलीच्या छातीचा काही संबंध असेल असं तेव्हा कोण म्हणेल?

आबा परत गेल्यावर मी या विषयाच्या मागे लागलो. वाटीतल्या नाण्याचा हा खेळ कोणी शोधला, हे बघू म्हणून सुरुवात केली. तो निघाला जवळजवळ दोन हजार वर्षांचा जुना, आणि त्याचा मधला सगळ्यात रंगतदार भाग निघाला आपल्या इथल्या, या आखाताच्या वरच्या टोकाचा.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला टॉलेमी होऊन गेला. ग्रहगणितामुळे तो आपल्याला माहीत असतो. त्याने प्रकाशावरही ग्रंथ लिहिला आणि त्यात भांड्यातलं नाणं आहे. पण तो गंमत दाखवून थांबला नाही. त्याने अंश कोरलेली तांब्याची तबकडी अर्धी पाण्यात बुडवून मोजमाप केलं. हवेत दहा अंशांचा कोन असेल तर पाण्यात आठ, वीसला साडेपंधरा, तीसला साडेबावीस, असं करत ऐंशी अंशांना पन्नास. निरीक्षणं कोष्टकात मांडून ठेवण्याची ही पद्धत त्या काळात फारच विरळा.

धंद्याची सवय म्हणून मी हे कोष्टक एक्सेलमध्ये घातलं आणि लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी केली. ८, ७.५, ७, ६.५, ६, ५.५, ५, ४.५. मंडळी, दर वेळी बरोबर अर्धा अंश कमी! प्रत्यक्ष मोजलेले आकडे इतके शहाण्यासारखे वागत नाहीत. टेस्टिंग न करता भरलेले टेस्ट रिपोर्ट मी पुष्कळ पाहिलेत, ते असेच दिसतात. टॉलेमीने काही कोन खरंच मोजले असणार, कारण साठ अंशांना त्याने दिलेला साडेचाळीस हा आकडा आजच्या नियमाशी अगदी जुळतो. पण ऐंशीला पन्नास चूक आहे, साडेसत्तेचाळीसच्या जरा पुढे हवा. मोजलेल्याला त्याने नियमात बसवण्यासाठी थोडं इस्त्री करून घेतलं, असं इतिहासकारही मानतात. आमच्या जर्नलमधला १.५ आठवला आणि त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटली.

टॉलेमीच्या या ग्रंथाचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. मूळ ग्रीक प्रत हरवली. अरबी भाषांतर झालं होतं, तेही हरवलं. बाराव्या शतकात सिसिलीच्या युजीन नावाच्या सरदाराने अरबीवरून लॅटिनमध्ये केलेलं भाषांतर तेवढं उरलं, आणि त्यातही पहिला भाग नाही. म्हणजे आपण वाचतो ती बॅकअपच्या बॅकअपची खराब झालेली फाईल.

मधल्या काळात, साधारण ९८४ साली, बगदादमध्ये इब्न सहल नावाच्या गणितज्ञाने जाळणाऱ्या आरशांवर आणि भिंगांवर पुस्तक लिहिलं. सूर्याचे किरण एका बिंदूवर गोळा करून लांबवर आग कशी लावता येईल, हा त्याचा प्रश्न. त्यासाठी भिंगाला नेमका कोणता आकार द्यायचा हे काढायचं तर किरण किती वाकतो हे नक्की ठाऊक हवं. त्याने एक आकृती काढली. स्फटिकाच्या पृष्ठभागावर किरण जिथून बाहेर पडतो त्या बिंदूपासून दोन रेषा निघतात आणि दोन्ही एकाच लंबाला जाऊन भिडतात. एक रेषा प्रत्यक्ष किरणाची, दुसरी तो न वाकता गेला असता तर ज्या वाटेने गेला असता तिची. या दोन रेषांच्या लांबीचं गुणोत्तर तो कायम एकच धरतो.

आता हीच आकृती आबांच्या वाटीत ठेवून बघा. लंब म्हणजे नाण्यावर सरळ उभी असलेली रेषा. एक किरण खरोखर नाण्यापासून आलेला. दुसरी रेषा म्हणजे डोळ्यात शिरणारा किरण सरळ मागे वाढवला तर तो त्या लंबाला, नाण्याच्या थोडं वर, जिथे छेदतो तिथपर्यंतची. पाण्यासाठी या दोन लांबींचं गुणोत्तर चारास तीन, कोन कोणताही असो. आणि डोळा नाण्याच्या अगदी वर नेला की दोन्ही रेषा लंबावरच येऊन पडतात, एक होते खरी खोली आणि दुसरी भासमान खोली. बारावीला पाठ केलेलं सूत्र असं आपोआप बाहेर येतं. मला हे चाळिशीच्या उंबऱ्यावर कळलं याची लाज वाटते, पण मजाही आली.

इब्न सहलने हा निसर्गाचा सार्वत्रिक नियम आहे असं काही जाहीर केलं नाही. त्याला भिंग हवं होतं, त्याने भिंग काढलं. त्याच्या हस्तलिखिताची पानं काळाच्या ओघात विखुरली, काही दमास्कसला, काही तेहरानला. रोश्दी राशेद या इतिहासकाराने ती जुळवून १९९० मध्ये हे सगळं जगापुढे ठेवलं. हजार वर्षं उत्तर कपाटात पडून होतं.

आणि आता बसऱ्याचा माणूस. इब्न अल-हैथम, जन्म साधारण ९६५, बसरा. त्याच्याबद्दल एक कथा सांगतात. नाईलचे पूर आवरण्याची योजना आपल्याकडे आहे असं तो म्हणाला, कैरोच्या खलिफा अल-हाकिमने त्याला बोलावून घेतलं, आणि नदी प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याला कळलं की हे जमणारं नाही. खलिफा लहरी. मग या गृहस्थाने वेडाचं सोंग घेतलं आणि १०२१ मध्ये खलिफा जाईपर्यंत ते निभावलं. क्लायंटला अशक्य डेडलाईन कबूल करून बसलेल्या कोणालाही या कथेवर विश्वास ठेवावासा वाटेल.

त्याच सुमारास त्याने 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशावरचा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडून वस्तूला शिवतात असं टॉलेमी मानत होता. इब्न अल-हैथमने ते उलटं केलं. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, आणि मग आपली बुद्धी त्याचा अर्थ लावते. सातवा भाग पूर्ण अपवर्तनाचा आहे. पाण्यातली वस्तू वर उचललेली का दिसते, तिची प्रतिमा नेमकी कुठे पडते, याची फोड तो तिथे करतो. इब्न सहलचं लेखन त्याला ठाऊक होतं असं अभ्यासक सांगतात, तरी ते गुणोत्तर त्याने उचललं नाही, हे मला अजून पचत नाही. पण डोळा चुकत नाही, डोळ्यापर्यंत आलेल्याचा अर्थ लावताना गफलत होते, ही त्याची मांडणी माझ्या मुलीच्या वाक्यासमोर ठेवली तर मला त्या गुणोत्तराहून मोलाची वाटते. तळ तिला दिसत होताच.

पुढची गोष्ट युरोपची, आणि ती सगळीकडे मिळते म्हणून थोडक्यात उरकतो. इब्न अल-हैथमचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, १५७२ साली बाझेलला छापून निघाला, केप्लरने त्यावर अभ्यास केला पण नियम त्याच्या हाती लागला नाही. इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटला तो १६०२ च्या सुमारास सापडला होता. त्याने केप्लरला पत्रातून आकडे दिले, नियम दिला नाही! हॉलंडमधल्या लायडनला विलेब्रॉर्ड स्नेलला तो १६२१ मध्ये सापडला. तोही न छापता १६२६ मध्ये वारला, आणि १६३७ मध्ये देकार्तने तो छापला. आपण ज्याला स्नेलचा नियम म्हणून साइनच्या भाषेत शिकतो तो स्नेलने साइनमध्ये मांडलेलाच नव्हता. त्याने खऱ्या किरणाची लांबी आणि भासमान किरणाची लांबी यांचं गुणोत्तर कायम असतं असं म्हटलं होतं. म्हणजे सहाशे वर्षांनी पुन्हा बगदादचीच ती आकृती.

असो. पुस्तकं बाजूला ठेवून जरा कॉर्निशवर येऊ या. धाऊ उभ्या असतात तिथे. आज त्या पर्यटकांना फिरवतात. दुखानला १९३९ मध्ये तेल लागण्याआधी पिढ्यान् पिढ्या या किनाऱ्याचं पोट मोत्यांवर चालत होतं. उन्हाळ्याचे चार महिने गलबतं मोत्यांच्या शिंपल्यांच्या जागांवर जाऊन राहायची. पाणबुड्या म्हणजे घव्वास, नाकावर फताम नावाचा चिमटा लावून, पायाला दगड बांधलेल्या दोरीने तळाशी जायचा. वर दोरी धरून बसणारा सैब. खालून झटका आला की ओढायचं, त्यात चूक चालायची नाही. खोली मोजायची ती 'बाअ'मध्ये, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर. आपल्याकडे त्याला वाव म्हणतात, कोळ्यांच्या बोलण्यात अजून ऐकू येतो. आखाताचं पाणी नितळ आणि कतारच्या भोवती तर उथळ, तळ दिसणं अवघड नाही. तरीही खोली ठरवायला वजन बांधलेली दोरी सोडायची.

आबांना हे सांगितलं तेव्हा ते फोनवर म्हणाले, "मग आपल्या विहिरीचं काय वेगळं होतं?" आमच्या गावच्या विहिरीचं पाणी कधी फुटात कोणी सांगितलं नाही. दोन परस, अडीच परस. परस म्हणजे हात वर केलेला उभा माणूस. पाठीला डालड्याचा डबा बांधून आम्हाला पोहायला टाकायच्या आधी कोणीतरी मोठा माणूस स्वतः सूर मारून तळाची माती मुठीत आणून दाखवायचा. वरून बघून खोलीचा अंदाज बांधायला मुलांना बंदीच होती.

आणखी एक गोष्ट मला या निमित्ताने कळली. घव्वास तळाशी पोचल्यावर त्याला स्वच्छ दिसत नसणार. आपल्या डोळ्याची किरण वळवण्याची सुमारे दोन तृतीयांश ताकद बुबुळासमोरच्या पारदर्शक पटलात असते, आणि ती असते हवा आणि पटल यांच्या अपवर्तनांकांत फरक आहे म्हणून. पाण्यात तो फरक जवळजवळ उरत नाही आणि सगळं धूसर होतं. डोळ्यासमोर काच लावून मधे हवा ठेवली की स्वच्छ दिसतं, पण वस्तू पाऊण अंतरावर आणि मोठी दिसते. म्हणजे वरून बघणाऱ्याला तळ खोटा दिसायचा आणि तळाशी गेलेल्याला शिंपला पुसट. तरी चार महिने हे काम चालायचं, कर्ज अंगावर घेऊन.

ते मोती जायचे कुठे? बहुतांश मुंबईला. तिथे त्यांची प्रतवारी व्हायची, भोकं पाडली जायची, सर ओवले जायचे. आपल्या आज्या-पणज्यांच्या नथीतले 'बसरा मोती' ते हेच. बसरा हे बाजारपेठेचं नाव, मोती मात्र बहारीन-कतारच्या या पाण्यातले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास असे अंदाजे पंधरा लाख मोती रेशमावर आणि हरणाच्या कातड्यावर जडवून एक गालिचा करवून घेतला. मदिनेला अर्पण करण्यासाठी तो केला असं सांगतात. १८७० मध्ये खंडेराव गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे तो देशाबाहेर गेला, मार्च २००९ मध्ये इथे दोहातच सदबीजच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलर्सना विकला गेला, आणि आज तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. २०१९ मध्ये उघडलेल्या त्या वाळूच्या गुलाबासारख्या इमारतीत पाहुण्यांना आपण सगळेच नेतो. मराठी राजाने मुंबईच्या बाजारातल्या दर्जाचे मोती जमवले, आणि ते फिरून जिथून निघाले तिथे परत आले. आबा त्याच्यासमोर वीस मिनिटं उभे होते. बायको म्हणाली, "आता पाय दुखतील तुमचे." त्यांना मोत्याचं पाणी बघायचं होतं.

'मोत्याचं पाणी' हा आपला शब्द किती नेमका आहे बघा. मोत्याचे थर अतिशय पातळ, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, आणि अर्धपारदर्शक. प्रकाश काही वरच्या थरावरून परततो, काही आत शिरून, वाकून, खालच्या थरांवरून परततो. म्हणून ती झळाळी पृष्ठभागावर नसून आतून आल्यासारखी वाटते. नकली मोती वरवर चमकतो. इथे डोळ्याला भासणारी खोली ही खरी खोली नाहीच, पण त्याच भासाची माणसाने किंमत मोजली.

आबा जायच्या आदल्या शुक्रवारी आम्ही तिघे परत पूलवर गेलो. मुलगी पंधरवडाभर पाण्याकडे फिरकली नव्हती. आबांनी पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला, तिच्या टोकाला घरातल्या खलबत्त्याचा बत्ता बांधलेला. (बत्ता सकाळपासून सापडत नसल्याचा घोष स्वयंपाकघरात चालू होता.) दर पाव मीटरला लाल लोकरीची गाठ. लाईफगार्डने आधी भुवया वर केल्या आणि मग स्वतःच येऊन सुतळी धरली. ती जिथे उतरली होती तिथे मुलीने बत्ता सोडला आणि गाठी मोजल्या. सहा.

मग तिने वहीत रकाने आखले. काठावर उभं राहून किती वाटतं, काठावर ओणवं होऊन सरळ खाली बघितल्यावर किती वाटतं, आणि सुतळीने किती. आबांनी एक आकडा सांगितला, लाईफगार्डने एक. शेवटी तिने मला दोन-अडीच मीटर मागे असलेल्या त्याच खुर्चीत बसायला लावलं आणि विचारलं, "बाबा, इथून किती खोल दिसतं?"

"पाऊण मीटर," मी म्हणालो. तिने ते लिहून घेतलं, आणि फोन माझ्या हातातून काढून टॉवेलखाली ठेवला.